पिकसेट घ्यावा का? पुणे, लंडन, व्हर्जिनिया, टोकियो, चौघांची चार उत्तरं

चावीशिवाय कुलपं उघडायचे व्हिडिओ बघून बघून ज्यांचे हात शिवशिवायला लागलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. पिकसेट म्हणजे त्यासाठीच्या बारीक धातूच्या काड्यांचा, म्हणजे पिकचा, संच. सेट ऑनलाइन सहज मिळतो, प्रश्न तो नाहीच. उद्या पोलिसांनी बॅग उघडली तर तुमचा हेतू वाईट होता हे त्यांनी दाखवायचं, की चांगला होता हे तुम्ही पटवायचं, सगळी गंमत तिथे आहे आणि हे देशागणिक बदलतं.

आधी आपलं घर. महाराष्ट्रात छंदासाठी सेट घरात ठेवायला लायसन्स वगैरे लागत नाही. पण १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम १२२ आहे, ते एकदा वाचाच. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन सबळ कारणाशिवाय जवळ सापडलं तर गुन्हा, आणि कारण सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याची. म्हणजे दुपारी बाल्कनीत बसून स्वतःचं कुलूप खुडखुडत बसलात तर कोणी काही म्हणणार नाही, पण तोच सेट सॅकमध्ये टाकून रात्री अकराला नाकाबंदीत थांबलात तर हवालदारसाहेबांना ‘काका, हॉबी आहे’ हे पटवणं तुमच्या गळ्यात. मी तर म्हणेन इथे सेट घराबाहेर काढूच नका, मित्राला दाखवायचाच असेल तर त्यालाच चहाला बोलवा.

इंग्लंडमध्ये १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टचं कलम २५ घराबाहेरच लागतं. राहत्या घरी कितीही पिक ठेवा. बाहेर मात्र चोरी किंवा घरफोडीसाठी जवळ बाळगलंय असं ठरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, पण ते ठरवायचं काम सरकारी पक्षाचं. आपल्या रात्रीच्या कलमापेक्षा हे छंदवाल्याला बरंच सोयीचं.

अमेरिकेचं एक उत्तर नाही, राज्य बघावं लागतं. बहुतेक राज्यांत हेतू सिद्ध झाल्याशिवाय नुसतं बाळगणं गुन्हा नाही, कॅलिफोर्निया त्यातलंच. व्हर्जिनियात मात्र घरफोडीची साधनं जवळ असणं हाच वाईट हेतूचा प्रथमदर्शनी पुरावा धरतात, तो खोडायचं काम मग तुमचं. लायसन्सवाल्या विक्रेत्याला यातून सूट आहे, तुम्हाआम्हाला नाही. राजधानी वॉशिंग्टनला नोकरी लागली की आपली कितीतरी मंडळी व्हर्जिनियात घर बघतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. शिवाय सरकारी टपालाने असली साधनं कुलूपवाल्यांसारख्या ठराविक लोकांनाच पाठवता येतात, त्यामुळे खासगी कुरिअर.

आणि जपान. पुण्यातून भाषा शिकून तिकडे जाणारी पोरं खूप आहेत म्हणून जरा ठासून सांगतो, सेट इथेच ठेवून जा. पिकिंग करून होणाऱ्या घरफोड्या फार वाढल्या म्हणून २००३ मध्ये त्यांनी खास कायदाच केला. कामधंदा किंवा योग्य कारण नसताना नुसतं जवळ असणंसुद्धा गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड, आणि घराच्या ड्रॉवरमध्ये होतं म्हणून सुटका नाही. याच्या अगदी उलट जर्मनी-नेदरलँड्स, तिथे या छंदाचे उघड क्लब चालतात, हॅम्बुर्गचा तर १९९७ पासूनचा, स्पर्धाही होतात. बदलीला चॉइस असेल तर काय सांगायचं!

आता घ्यायचं काय. पारदर्शक प्लास्टिक कुलूप आणि सोबत डझनभर पिक असा स्वस्त सेट सगळ्यात जास्त दिसतो. आत पिना कशा वर सरकतात ते कळायला तो छान, पण सैल असतो, त्यामुळे हाताला काही शिकवत नाही. त्यापेक्षा दोन हुक (टोकाला वाकलेली पिक), एक रेक (नागमोडी टोकाची पिक), दोन चांगले टेन्शन रेंच (कुलपाला हलका पीळ देणारी वाकडी पट्टी) आणि साधं पितळी पिन टंबलर, म्हणजे आत पिना असलेलं कुलूप घ्या. टेन्शन रेंचवर बोट नुसतं टेकवायचं असतं, नवखा माणूस ते दाबून धरतो आणि सगळ्या पिना जॅम होतात. हलका हात जमला की एकेक पिन बारीक टिक करून बसते आणि सिलिंडर, म्हणजे चावी घालतो तो आतला गोल भाग, केसभर फिरतो, या छंदाचं व्यसन लागतं ते इथे.

एक फुकटचा सल्ला, घरातलं नवताल घेऊन बसू नका. ते लिव्हरचं कुलूप, आत सपाट पट्ट्या असतात, पिना नाहीतच, त्यामुळे हुक-रेक आत घालून काही होत नाही आणि सेट खराब आहे असं वाटत राहतं. लिव्हरची हत्यारं वेगळी, हातही वेगळा लागतो. १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाच्या अमेरिकनाने चब कंपनीचं नावाजलेलं लिव्हर कुलूप साक्षीदारांसमोर उघडून दाखवलं होतं, पण तो मुरलेला गडी होता. आणि दाराच्या लॅचवर तर प्रॅक्टिस नकोच, वापरातलं कुलूप आणि दुसऱ्याचं कुलूप या दोन गोष्टींना हात लावायचा नाही हा या छंदातला जगभरचा नियम आहे. लॅच आतून बिघडलं की चावीवाला रविवारी किती घेतो ते विचारून बघा.

थोडक्यात पुण्यात असाल तर घ्या आणि घरात ठेवा, लंडनलाही तसंच, व्हर्जिनियात असाल तर आधी वकिलाशी बोला, जपानला निघाला असाल तर नुसती कुलपं सुटी करून परत जोडायचा नाद लावून घ्या, त्याला पिक लागत नाही, स्क्रू-ड्रायव्हर आणि चिमटा पुरतो.