वेब्ली बत्तीस बोर, अकरा महिने : टिचबटनाचा डाग अन् तीन लाख पस्तीस हजार

दाजीचा परवा रात्री साडेदहाला फोन. परभणीत एक वेब्ली निघालंय, इंग्लंडचं जुनं रिव्हॉल्वर, बत्तीस बोर, मालक साडेचार लाख म्हणायलाय, घेऊ का? मी म्हनलं दाजी, फोनवर सांगत बसलो तर उजाडंल, लिहूनच टाकतो. आणखी दोघा-तिघांनी विचारलंय, त्यांच्याबी कामाला येईल.

माझं घेऊन अकरा महिने झाले. नांदेडचे एक रिटायर काका, पोरं पुण्याला, काकांना लायसनची कटकट नको होती. तीन ऐंशी मागितले, तीन पस्तीसला तुटलं. विकणाऱ्यानं लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, त्यामुळं बयाना डिसेंबरात अन् हातात आलं फेब्रुवारी २०२४ ला. एनओसी, दोन कलेक्टर ऑफिस, नोंदी, ते सगळं ज्यांच्याकडं लायसन हाय त्यांना पाठ हाय, लिहीत नाही.

पंचेचाळीस हजार कमी झाले ते निव्वळ एका डागामुळं. काकांनी कैक वर्षं ते चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवलेलं. कव्हराच्या झाकणाला जे टिचबटन असतं ना, त्याच्या बरोब्बर खाली सिलिंडरवर, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्यावर, जुन्या चार आण्याएवढा गोल डाग. ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा निळा-काळा थर, खाऊन आत बारीक खड्डे. बाकी अंग आरशासारखं. चामडं ओल धरून ठेवतं, त्यात चामडं कमावताना वापरलेलं मीठ-रसायन राहिलेलं असतं, अन् वरून ते बटन दाबून धरतं. मी काकांसमोर बोटानं तो डाग दहा वेळा चोळला, तोंड वाकडं केलं, पंचेचाळीस हजार पाडले. घरी येताना बायकोला म्हनलं, साडेतीन लाखाची वस्तू अन् दोन रुपयाचं तेल लावायला होईना लोकांना.

आता किमतीचं. माझी आडत हाय, त्यामुळं मी सगळं सोयाबीनमधीच मोजतो. तेव्हाच्या चार हजारानं धरा, पंच्याऐंशी क्विंटलला थोडंच कमी. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ होता म्हणून सांगू नका, मी बाजारात बसतो. तर एवढ्या मालाच्या बदल्यात मिळालं काय? रेंजवर मित्राचं कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नवं अन् माझं, दोन्ही दहा मीटरवर मारून बघितलं, कागदावर कोणतं भोक कुणाचं ते ओळखू येईना. त्याच कारखान्याचं निर्भीक नावाचं रिव्हॉल्वर २०१४ ला आलं तेव्हा एक लाख बावीस हजारांचं होतं, तेबी लोकांना महाग वाटलं. अन् वेब्ली मधून मोडतं, म्हणजे बिजागरीवर दुमडून उघडतं, गोळ्यांच्या सहाच्या सहा पुंगळ्या एकदम वर येतात, याचं लई कौतुक करतात लोक. मलाबी मजा वाटते, खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी रिकामंच वीस वेळा उघड-झाक केलं. पण कानपूरची जुनी बत्तीस बोरबी तशीच मोडते, त्याच घराण्याची हाय ती. बाजूला सिलिंडर निघणारं प्रबल नावाचं कानपूरचंच रिव्हॉल्वर २०२३ ला आलं. म्हणजे मोडण्याचे पैसे देऊ नका.

पैसे कशाचे जातात ते सांगतो. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात हे बनायचं १९७९ लाच बंद झालं, अन् ऐंशीच्या दशकात आपल्याकडं बाहेरची हत्यारं आणणंबी बंद झालं. जेवढी आत होती तेवढीच फिरायलीत. एकजण लायसन सोडतो, दुसरा घेतो. आपण लोखंडाचे नाही, दारं बंद झाल्याचे पैसे देतोय. इथं एक खाचखळगा हाय बगा. वेब्ली अँड स्कॉटच्याच नावानं आता उत्तर प्रदेशात हरदोईकडं नवं बत्तीस बोर बनतंय, तेबी घ्यायला हरकत नाही पण जुन्याचा भाव त्याला देऊ नका. शिक्का वाचा. बर्मिंगहॅमच्या प्रूफचा, म्हणजे तपासून पास केल्याचा, मुकुट अन् त्याखाली बीएनपी, हा शिक्का १९५४ नंतरचा. मग बिजागरी बघा, मोडणाऱ्या हत्याराचं सगळं आयुष्य बिजागरीत अन् वरच्या खटक्यात असतं. बंद करून उजेडाकडं धरा, फट दिसली किंवा नळी हातानं डुलली तर उठा तिथून, चहाबी पिऊ नका.

जूनपर्यंत माझं मत पक्कं होतं की वस्तू चांगली, भाव जास्त, अन् मी डाग दाखवून शहाणपणा केला. मग काय झालं ऐका. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, ठाण्यात जमा करा म्हणून निरोप. आणलं तसं घाईत कव्हरात घातलं, टिचबटन लावलं, पावती घेतली अन् आलो. ६ जूनला आचारसंहिता उठली, मला मिळायला आठवडा गेला, तोवर मृगाचे दोन पाऊस होऊन गेलेले. घरी येऊन टिचबटन काढलं तर सिलिंडरवर, काकांच्या डागाच्या शेजारी, दुसरा गोल. माझा. तसाच चार आण्याएवढा. मी त्या दिवशी जेवलो नाही. काकांना फोन करून माफी मागावी वाटली, पण मग पंचेचाळीस हजाराचा विषय निघाला असता.

मग मिस्त्री. लायसनवाल्याच दुकानातला, नाव घेत नाही, शहरबी सांगत नाही. आठ हजारात सगळं बफ मारून नवं ब्लूइंग, नवरीसारखं करून देतो म्हणला. मी समोर बसलो म्हणून बरं. डाग सोडून बफ फ्रेमवर आणला अन् नंबराची कड गुळगुळीत व्हायली. मी वरडलोच. आर्म्स अॅक्टच्या कलम ८ मध्ये हत्यारावरचा नंबर खोडणं गुन्हा हाय, उद्या ऑफिसात साहेबानं भिंग लावलं तर मिस्त्री येणार का माझ्याऐवजी? तो म्हणला दिसतंय की अजून. दिसतंय! पंधराशे रुपये केलेल्या कामाचे म्हणून त्यानं ठेवून घेतले, मी अर्धा तास भांडलो, दिले नाहीत. शिवाय जुन्या वस्तूला नवं पॉलिश केलं की किंमत उलटी पडते, हे मला तिथून निघाल्यावर एका म्हाताऱ्या शिकाऱ्यानं सांगितलं. त्यांच्या आज्याची ठासणीची बंदूक रझाकाराच्या धामधुमीतली, अजून सुती फडक्यात गुंडाळलेली, गंजाचा ठिपका नाही. सुती फडकं अन् शिलाई मशीनचं तेल, बास. मी आता बुटाच्या डब्यातल्या त्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्याबी टाकतो. कव्हर खुंटीला, रिकामं. विधानसभेला १५ ऑक्टोबरला परत जमा केलं तेव्हा फडक्यात गुंडाळून दिलं, हवालदार हसला, हसू दे. दिवाळीनंतर आलं तसंच चकचकीत.

वापराचा हिशोबबी सांगून टाकतो. अकरा महिन्यांत चार महिन्यांच्या वर ठाण्यात. राहिलेल्या दिवसांत चोवीस राउंड मारले, सगळे रेंजवर. भागाकार केला तर एका गोळीला तेरा हजार नऊशे अठ्ठावन्न, राउंडचे पैसे वेगळे. हे बायकोला सांगितलेलं नाही.

तरी वर जे "भाव जास्त" लिहिलं ते आता तेवढं म्हणवत नाही. डिसेंबरात लातूरच्या एकानं दोन्ही डाग बघून तीन साठ देतो म्हणलं. मी दिलं नाही. कामून दिलं नाही ते मलाबी नीट सांगता येईना. रात्री रोकड घेऊन गावाकडं येताना गाडीत असतं, घोडा ओढला की तो जो आवाज येतो त्याचं काहीतरी असंल. पण दाजी, साडेचार नाही. जानेवारी २०२५ ला बीडात लायसनांची छाननी होऊन शंभराच्या वर रद्द झाली, सगळीकडचेच लोक जरा घाबरलेत, विकणारे वाढतील असं मला वाटतंय. थांबणाऱ्याचा फायदा हाय.

हे लिहून ठेवलं अन् टाकायच्या आधीच रविवारी परभणीला जाणं झालं. मालकानं हत्यार आणलं, चामड्याच्या कव्हरात, टिचबटन लावलेलं. मी दाजीकडं बघितलं. बटन काढलं, बाहेर घेतलं, गोल डाग. मालक म्हणाले, "ही तर ओरिजिनलची खूण हाय साहेब." मी बिजागरी बघितली, उजेडाला धरलं, शिक्का वाचला, सगळं सरळ. डागावर बोट ठेवलं अन् काही बोललो नाही. चहा येईस्तोवर मालक चार लाख दहा हजारांवर आले. मी अजून बोट काढलं नव्हतं, तेवढ्यात दाजी म्हणले, "कव्हर फुकट देतेत का विचार की."