तेच चित्र पुन्हा हवंय? सीडच्या बाबतीत कुठलं साधन किती भरवशाचं

चित्र पसंत पडल्यावर ग्राहक म्हणतो, "हेच ठेवा, फक्त छत्री काळी करा." अशी कामं तुमच्याकडे येत असतील, तर एआय चित्रांसाठी साधन निवडताना सीडचा मुद्दा आधी तपासा. चित्र किती देखणं येतं हे नंतर बघितलं तरी चालेल. देखणी चित्रं आता सगळेच देतात.

सीड म्हणजे एक आकडा. स्टेबल डिफ्युजनसारखं मॉडेल कोऱ्या कागदावर चित्र काढत नाही. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, तशा गोंधळापासून ते सुरुवात करतं आणि पायरीपायरीनं तो साफ करत नेतं. त्या मुंग्या कशा पसरतील हे सीड ठरवतो. सीड, प्रॉम्प्ट (आपण लिहिलेली सूचना), मॉडेल, सॅम्पलर (गोंधळ साफ करण्याची पद्धत), पायऱ्या आणि आकार हे सगळं तेच ठेवलं, तर त्याच यंत्रावर चित्रही तेच येतं. प्रॉम्प्टमधला एखादाच शब्द बदलला, तर मांडणी बरीचशी टिकते आणि तेवढाच भाग बदलतो. निदान बऱ्याचदा.

स्वतःच्या कॉम्प्युटरवर स्टेबल डिफ्युजन

सीडवर पूर्ण ताबा हवा असेल तर हाच रस्ता. स्टेबल डिफ्युजन चालवायच्या ऑटोमॅटिक११११ या प्रोग्राममध्ये सीडच्या खान्यात -१ असेल तर दरवेळी नवा आकडा पडतो. शेजारचं हिरवं चिन्ह दाबलं की मागच्या चित्राचा आकडा परत येतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे पीएनजी फाइलच्या पोटात सगळी सेटिंग्ज आपोआप साठवली जातात. वर्षभरानं ती फाइल 'पीएनजी इन्फो'त टाका, प्रॉम्प्टपासून सीडपर्यंत सगळं समोर येतं. मात्र तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली की ही माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मूळ फाइल कधीही पुसू नका.

कम्फीयूआय हे तसंच दुसरं साधन. ते पीएनजीमध्ये अख्खा वर्कफ्लो, म्हणजे कामाची सगळी मांडणी, ठेवतं, पण त्याची एक खोड आहे. सीडचं नियंत्रण 'रँडमाइझ'वर असेल, तर खान्यात दिसणारा आकडा आत्ताच्या चित्राचा नसतो, पुढच्या चित्राचा असतो. नवखे लोक तोच टिपून ठेवतात आणि मग डोकं धरून बसतात. ते 'फिक्स्ड'वर करून काम करावं.

दोन्हींत एकच सीड टाकून तेच चित्र येईल अशी आशा ठेवू नका. कम्फीयूआय सुरुवातीचा गोंधळ सीपीयूवर (मुख्य प्रोसेसरवर) तयार करतं, तर ऑटोमॅटिक११११ मूळ सेटिंगनुसार ग्राफिक्स कार्डावर. ही साधनं ज्यावर चालतात त्या पायटॉर्च या सॉफ्टवेअरचे कर्तेच सांगतात, की वेगळी आवृत्ती किंवा वेगळं यंत्र असेल तर सीड तोच असूनही निकाल जुळेल याची हमी नाही. म्हणून मोठं काम हातात असताना सॉफ्टवेअर अपडेट करू नये. 'यूलर ए'सारखे सॅम्पलर तर प्रत्येक पायरीवर नवा गोंधळ मिसळतात. तिथे २० च्या ३० पायऱ्या केल्या तरी चित्र पालटतं.

खर्च ग्राफिक्स कार्डाचा, आणि डोकेदुखी इन्स्टॉलेशनची.

मिडजर्नी

या ऑनलाइन सेवेत प्रॉम्प्टच्या शेवटी सीड देता येतो, ० ते ४२९४९६७२९५ मधला कुठलाही. एका वेळच्या चारही चित्रांना मिळून एकच सीड असतो. मॉडेलची आवृत्ती बदलली की जुना सीड निरुपयोगी, त्यामुळे आवृत्तीचा आकडाही टिपून ठेवावा लागतो. मुळात मॉडेल त्यांच्या सर्व्हरवर आहे, ते कधी काय बदलतील हे आपल्या हातात नाही. आजच्या आज चार पर्याय ताडून बघायला सीड उत्तम. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाची पुढच्या वर्षी नवी आवृत्ती काढायला मी त्यावर विसंबणार नाही.

चॅटजीपीटी

सीडचा खानाच नाही. डाल-ई ३ या त्याच्या आधीच्या चित्र-मॉडेलच्या एपीआयमध्येही (प्रोग्रामरसाठीच्या मार्गातही) नव्हता, वर ते आपला प्रॉम्प्ट स्वतःच नव्यानं लिहून घ्यायचं. मार्च २०२५ पासून चित्र दाखवून "एवढंच बदल" असं सांगता येतं आणि ते समजतंही छान. पण बदलताना बाकीचं चित्रही नव्यानं काढलं जातं, त्यामुळे चेहरा किंवा कपड्यांच्या चुण्या हळूच सरकतात. एकदाच वापरायच्या पोस्टरला हे पुरेसं आहे.

गूगलच्या व्हर्टेक्स एआय या क्लाउड सेवेवर इमेजेन या चित्र-मॉडेलला सीड देता येतो, पण डिजिटल वॉटरमार्क बंद ठेवला तरच. हे प्रोग्रामरच्या कामाचं.

मग घ्यावं काय?

आधी हे ठरवा, की तुम्हाला तेच चित्र हवंय की तेच पात्र. मुलांच्या पुस्तकातली मुलगी एका पानावर झाडावर आणि दुसऱ्या पानावर एसटीत हवी असेल, तर सीड फारसा कामाचा नाही. प्रॉम्प्ट इतका बदलला की चेहराही बदलतो. त्यासाठी स्टेबल डिफ्युजनमध्ये लोरा (ते पात्र शिकवलेली मॉडेलची छोटी पुरवणी) तयार करावा, किंवा मिडजर्नीच्या सातव्या आवृत्तीत ओम्नी रेफरन्स (पात्राचं चित्र नमुना म्हणून देण्याची सोय) वापरावा. एवढ्यासाठी महागडं कार्ड घ्यायच्या आधी महिनाभराची वर्गणी भरून बघायला हरकत नाही.

तेच चित्र, तीच मांडणी आणि वारंवार बारीक दुरुस्त्या, असं काम असेल तर स्वतःच्या कॉम्प्युटरला पर्याय नाही. तिथे इनपेंटिंगही आहे: हवा तेवढाच भाग रंगवून बदलायचा, बाकीच्या चित्राला हात लागत नाही. एसडीएक्सएल हे स्टेबल डिफ्युजनचं मोठं मॉडेल चालवायचं असेल तर ८ जीबी व्हीरॅमचं (कार्डावरच्या मेमरीचं) कार्ड बघा. त्याहून कमी असेल तर जुन्या १.५ मॉडेलवर हात बसवता येतो.