अपग्रेडनंतर फंक्शनं तपासायची कशी: चेकर लावून की चालवून?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासेमारी बंदरात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, म्हणून हिशेबाचा डेटाबेस अपग्रेड करायला हाच काळ सोयीचा वाटतो. गोची अशी, की याच दोन महिन्यांत हिशेबाची फंक्शनं कोणी चालवतच नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १३ व्या आवृत्तीवरून पुढे गेलात, काही कुरकुर झाली नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या फंक्शन लिहायच्या भाषेतल्या फंक्शनचा गाभा डेटाबेसच्या लेखी नुसता मजकूर असतो. आवृत्ती बदलणारं पीजी-अपग्रेड हे साधन तो आहे तसा पलीकडे नेऊन ठेवतो. डेटाचे प्रकार (टाइप) जुळत नाहीत हे ती ओळ प्रत्यक्ष चालली तरच कळतं.

नेहमी सापडणारा घोळ सांगतो. तारीख-वेळेतून तास, सेकंद असा भाग काढणारं एक्स्ट्रॅक्ट १४ पासून डबल प्रिसिजनऐवजी (अंदाजे दशांश) न्युमेरिक (अचूक दशांश) देतं. बोट किती तास समुद्रात होती हे काढणाऱ्या फंक्शनच्या रिटर्न्स टेबलमध्ये, म्हणजे परत येणाऱ्या रकान्यांच्या यादीत, डबल प्रिसिजन लिहिलेलं असेल, तर उत्तर परत देणारी रिटर्न क्वेरी ही ओळ अडते. तिला प्रकार तंतोतंत तोच लागतो.

बरेच जण सगळी फंक्शनं क्रिएट ऑर रिप्लेस या आज्ञेने पुन्हा बनवतात. साध्या एसक्यूएल भाषेतल्या फंक्शनांना हे चालतं, त्यांचे प्रकार तिथेच तपासले जातात. पीएल-पीजीएसक्यूएलची मात्र फक्त वाक्यरचना बघितली जाते. वरचं फंक्शन बिनबोभाट तयार होईल. मी या मार्गाच्या वाटेला जात नाही.

पावेल स्टेहुले यांचं पीएलपीजीएसक्यूएल-चेक हे एक्स्टेन्शन (डेटाबेसला जोडायची पुरवणी), म्हणजेच आपला चेकर, फंक्शन न चालवता आतली विधानं तपासतं, वर्षातून एकदाच लागणाऱ्या इफच्या फांदीतलीसुद्धा. पीजी-प्रॉक या फंक्शनांची यादी ठेवणाऱ्या टेबलावर एक क्वेरी लिहिली की सगळी फंक्शनं एका दमात होतात. ट्रिगरच्या (टेबलात बदल झाला की आपोआप चालणाऱ्या) फंक्शनला तेवढं टेबलाचं नाव सोबत द्यावं लागतं. होस्टिंगवाल्याकडे एक्स्टेन्शन नसेल तर आपल्या मशीनवर तीच आवृत्ती टाकून फक्त स्कीमा (टेबलं आणि फंक्शनांचा सांगाडा) उतरवा, डेटाची गरज नाही. या चेकरचे दोष दोन. एक्झिक्यूटमध्ये, म्हणजे चालताना मजकूर जोडून, जुळवलेल्या क्वेरीपुढे ते बहुतेक वेळा आंधळं, आणि फंक्शनातच बनणाऱ्या टेम्पररी टेबलांवरून उगाच ओरडतं.

तिसरा मार्ग कष्टाचा: गेल्या हंगामाच्या डेटाची प्रत जुन्या आणि नव्या आवृत्तीवर चालवायची आणि उत्तरं शेजारी ठेवायची. पूर्वी मलाही हा उद्योग फुकटचा वाटायचा. पण एक्स्ट्रॅक्टने आलेले अडीच तास इंटिजर (पूर्णांक) व्हेरिएबलमध्ये टाकून बघा. १३ वर २ येतात, १४ वर ३. डबल प्रिसिजन अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे नेतं, न्युमेरिक वर ढकलतं. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, आणि तासांवरून बर्फाचा किंवा भाड्याचा हिशेब करत असाल तर आकडा गुपचूप बदललेला. हा बदल चेकर एरर म्हणून दाखवणार नाही.

तेव्हा वेळ एका दिवसाचाच असेल तर चेकर लावा. आठवडा असेल तर त्यानंतर पैशाला हात लावणारी आणि एक्झिक्यूटवाली फंक्शनं तेवढी दोन्हीकडे चालवून बघा. सगळी चालवत बसू नका. एक्स्ट्रॅक्टमुळे अडलेल्या जागी डेट-पार्ट हे तेच काम करणारं फंक्शन घाला. ते अजूनही डबल प्रिसिजनच देतं, त्यामुळे प्रकारही जुळतो आणि राऊंडिंगही जुन्यासारखं होतं.