कोरीवकाम घरी शिकायचंय, आधी चाकू घ्यावा की पटाश्या?

लाकूड कोरायला शिकायचं मनात आलं की पहिला प्रश्न हाच पडतो, आणि ऑनलाइन बघायला गेलं की गोंधळ अजून वाढतो, कारण बारा पटाश्यांचा सेटही 'बिगिनर' म्हणून विकायला असतो आणि एकटा छोटा चाकूही 'बिगिनर' म्हणूनच. मी दोन्ही केलंय, आधी पटाश्या घेतल्या, सहा महिन्यांनी चाकूकडे आले आणि मग परत पटाश्यांकडे गेले, त्यामुळे कुणी विचारलं की मनापासून सांगावंसं वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मुळात ही दोन वेगळी कामं आहेत. चाकूच्या कामात लाकूड एका हातात, चाकू दुसऱ्या हातात, आणि वस्तू फिरवत फिरवत सगळ्या बाजूंनी आकार काढायचा, म्हणजे चमचा, पक्षी, छोटी बाहुली. पटाशीच्या कामात फळी टेबलाला आवळलेली असते, दोन्ही हात हत्यारावर असतात आणि एकाच बाजूने नक्षी उठवायची, म्हणजे जुन्या वाड्यांच्या दारांवर, खांबांवर असते तशी वेलबुट्टी. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांसारखं काही करायचं असेल तर ती लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर होतात, तो तिसराच रस्ता, त्याबद्दल इथे नाही लिहीत.

तुम्हाला नक्की काय करायचंय हे कळत नसेल तर पुण्यात असाल तेव्हा विश्रामबाग वाड्यासमोर जाऊन उभे राहा. १८०७ चा वाडा, दर्शनी भागाचं लाकूडकाम आणि सुरूच्या झाडासारखे खांब अजून बघायला मिळतात. तिथून केळकर संग्रहालय जवळच आहे, तिथे कोरीव दारंही आहेत आणि घरातल्या रोजच्या लाकडी वस्तूही. दारापाशी जास्त वेळ थांबलात तर पटाशी, हातात मावणाऱ्या वस्तूपाशी थांबलात तर चाकू. मला तरी हीच परीक्षा सगळ्यात खरी वाटते, कारण जे बघायला आवडत नाही ते शिकताना तिसऱ्या आठवड्यात सुटतंच.

आता खर्च. चाकूला खरंच कमी लागतं, मोरा (Mora) या स्वीडिश कंपनीचा १२० नंबरचा चाकू, धार टिकवायला एक चामड्याचा पट्टा, त्यावर घासायची हिरवी पॉलिश, झालं. माझं सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आसपास गेलं. पटाश्यांचं तसं नाही, चांगल्या स्टीलची एक गोल पटाशी एकटीच तेवढ्याला जाते, वर लाकडी हातोडा, दोन सी-क्लॅम्प आणि न हलणारं टेबल. म्हणून लोक स्वस्त सेटकडे वळतात, मीही वळले होते, बारा नगांचा सेट मागवला आणि पहिल्याच आठवड्यात दोघींची धार दुमडली, बाकीच्यांना आलेल्या डब्यातून काढल्यावर धार नव्हतीच. तेव्हा वाटलं की आपला हातच या कामाचा नाही, आणि चार महिने सगळं माळ्यावर पडून होतं. दोष हाताचा नव्हता. सेटपेक्षा तीनच पण चांगल्या पटाश्या घ्या: एक सपाट, एक जवळजवळ सपाट गोल म्हणजे ३ नंबर, आणि एक खोल गोल, ८ किंवा ९. गोल पटाश्यांना नंबर असतो, आकडा वाढेल तसं पात्याचं वळण खोल होत जातं, आणि मिलिमीटरमध्ये रुंदी वेगळी लिहिलेली असते, एवढं कळलं की दुकानदार काहीही गळ्यात मारू शकत नाही. जुन्या बाजारात कधीकधी सुतारांच्या जुन्या पटाश्या मिळतात, गंजलेल्या दिसल्या तरी पोलाद चांगलं असतं, फक्त त्यांची धार २५ ते ३० अंशांवर काढलेली असते, कोरायला ती २० च्या आसपास उतरवून घ्यावी लागते आणि त्यात एक आख्खी संध्याकाळ जाते.

जागेचा प्रश्न फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी विचारात घ्यावा. चाकू घेऊन गॅलरीत पेपर पसरून बसलं की झालं, आवाज नाही, ढलप्या पेपरात गुंडाळून फेकल्या की घर स्वच्छ. हातोड्याचा आवाज मात्र खालच्या मजल्यावर जातो, आमच्याकडे खाली आजी दुपारी झोपतात म्हणून मी दोन ते पाच हातोडा हातात घेत नाही, नुसत्या हाताने रेटून होईल तेवढंच करते. डायनिंग टेबल चालेल असं वाटतं पण ते हलतं, आणि टेबल हललं की पटाशी घसरते.

इजा दोन्हींत होते, पण वेगळी. चाकूत लाकूड धरलेला हात पात्याच्या समोरच असतो, म्हणून डाव्या अंगठ्याला कापतं, आणि बहुतेक वेळा चाकू बोथट असतो म्हणून जोर लावला जातो आणि मग तो सुटतो. डाव्या हातात न कापणारा ग्लोव्ह घालाच, तो ओरखडा थांबवतो, टोक घुसलं तर मात्र थांबवत नाही हे लक्षात ठेवा. पटाशीत नियम एकच, दोन्ही हात धारेच्या मागे. एका हाताने फळी धरून दुसऱ्याने पटाशी रेटायची नाही, कधीच नाही, अगदी 'एवढंसंच राहिलंय' असं असलं तरी. क्लॅम्प लावायला लागतो तो वेळ वाया जात नाही.

लाकडाबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथे नवीन माणूस सगळ्यात जास्त फसतो. व्हिडिओत दिसतं ते बासवुड, लोण्यासारखं कापलं जाणारं. आपल्या वखारीत गेलं की हातात येतं सागवान, त्यात सिलिका असतं, धार पटकन जाते, आणि चाकूने तर मनगट दुखून येतं. शिसम दिसायला देखणं पण अजूनच कडक. चाकूसाठी शिवण मागा, हलकं असतं, रेघ (म्हणजे लाकडातल्या तंतूंची दिशा) बरीच सरळ आणि कोरायला सोसतं. सोसायटीत पावसाळ्याआधी आंब्याच्या फांद्या छाटतात त्याही चालतात, ओलं लाकूड चाकूला फार मऊ लागतं, पण ते सुकताना टोकाकडून तडकतं म्हणून काम अर्धवट ठेवायचं असेल तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, आणि पावसाळ्यात दोन दिवसांच्या वर ठेवू नका, बुरशी धरते. कण्हेरीची फांदी कितीही सरळ दिसली तरी हात लावू नका, विषारी आहे, चमचा तर अजिबात नको. पटाशीला मात्र सागवान चालतं, उलट बारीक नक्षीची कड सागवानात सुबक राहते, मऊ लाकडात चुरते. म्हणजे आपल्याकडे सहज मिळणारं लाकूड पटाशीच्या बाजूचं आहे आणि सहज परवडणारं हत्यार चाकू आहे, अडचण तिथेच आहे.

शिकण्याचा वेग बघायचा तर चाकू लवकर आनंद देतो. तीन संध्याकाळींत एक कालथा होतो, वाकडा असला तरी जवसाचं तेल लावून स्वयंपाकघरात वापरता येतो. (तेल कच्चं, खाण्याचं घ्या, रंगाच्या दुकानातलं नको.) पटाशीत पहिला महिना नुसत्या रेघा आणि खाचा काढण्यात जातो. पण लाकूड समजतं ते पटाशीनेच, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या तुकड्यावर पिंपळाचं पान घ्या, सांगते का. पानाच्या कडेने आधी उभा काप द्यायचा, मग बाहेरचं लाकूड अर्धा सेंटिमीटर खाली उतरवायचं. पानाच्या एका बाजूने पटाशी चालवली की ढलपी सुरेख वळत येते, खाली पृष्ठभाग चकचकीत. तशीच पुढे रेटत देठाजवळ वळलात की अचानक लाकूड उचकटतं, टवका निघतो, कारण हात तोच असला तरी तिथे तुम्ही रेघेच्या उलट शिरलेले असता. मग उलट बाजूने यायचं, टोकाकडून देठाकडे. एका पानात चार वेळा दिशा बदलावी लागते, आणि ते एकदा हाताला कळलं की चाकूचं कामही आपोआप सुधारतं.

म्हणून मला विचाराल तर, घर लहान, बजेट लहान आणि रोज अर्धाच तास मिळणार असेल तर चाकू घ्या, विचार करत बसू नका. दाराच्या नक्षीनेच जीव वेडावला असेल आणि सुट्टीच्या दिवशी सलग तीन तास काढता येत असतील तर चाकूच्या वाटेने जायची गरज नाही, थेट तीन पटाश्या घ्या. मुलांसोबत करायचं असेल तर माझा कौल चाकूला नाही, क्लॅम्प लावलेली फळी आणि दोन्ही हात मागे हे त्यांच्यासाठी जास्त सुरक्षित, मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना.

काहीही घेतलं तरी धार लावायला पहिल्या दिवसापासून शिका, सुताराकडून महिन्याने लावून आणू असं ठरवू नका, तेवढं थांबलात तर महिनाभर बोथट हत्याराने झगडत राहाल. दर वीसेक मिनिटांनी पट्ट्यावर आठ-दहा वेळा पातं मागे ओढायचं, पुढे रेटायचं नाही, नाहीतर चामडं कापलं जातं. धार आहे की नाही ते नखावर बघू नका. शिवणीच्या तुकड्याचं टोक, जिथे रेघा उभ्या कापलेल्या दिसतात तिथे एक पातळ काप घ्या. कापलेली जागा चमकली तर धार बरोबर आहे. चमकीत एक पांढरी रेष दिसली तर पात्याला नेमकी तिथे बारीकशी खाच आहे, मग परत धार लावायच्या दगडावर, आणि पुन्हा काप घेऊन बघा.