तंजावरचं सरस्वती महाल: निदान अर्धा दिवस तरी काढाच

मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. एखाद्या जुन्या पुस्तकाला कसर लागलेली दिसली की माझा जीव तुटतो. त्यामुळे तंजावरच्या राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात गेल्यावर मी पहिल्यांदा हेच विचारलं, की एवढ्या पोथ्या टिकवता कशा? तिथल्या एका कर्मचाऱ्यांनी थोडं हिंदीत, थोडं हातवारे करून सांगितलं. वेखंड, कलौंजी, दालचिनी, लवंग आणि मिरी यांची पूड कापूर घालून कापडाच्या पुरचुंडीत बांधतात आणि ती पोथ्यांशेजारी ठेवतात. वेखंड तर माझी आजीही लुगड्यांच्या पेटीत ठेवायची!

एक आधीच सांगते. हस्तलिखितांच्या खोलीत आपल्याला सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. बघायचं असतं ते ग्रंथालयाचं संग्रहालय. दालन लहान आहे. आम्ही ज्या टूरबरोबर गेलो होतो त्यांनी इथे वीस मिनिटं दिली होती, बृहदीश्वराच्या मोठ्या देवळासाठी दोन तास आणि साड्यांच्या दुकानासाठी दीड तास. मी दुसऱ्या दिवशी सकाळी टूर सोडून रिक्षानं एकटी परत आले.

ताडपत्राच्या पोथीसमोर बराच वेळ उभी राहिले. चार बोटं रुंदीची लांबट पानं, दोरी ओवायला भोकं. अक्षरं शाईनं लिहिलेली नसतात. लोखंडी लेखणीनं आधी कोरायची, मग वरून काजळी चोळून पुसायची, म्हणजे कोरलेल्या रेषेत काळं उरतं. एवढ्या बारीक ओळी, आणि खाडाखोड करायची सोयच नाही. वाकून बघताना माझा चष्मा काचेला टेकला.

पुढे भिंतीवर फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रँच्या चित्रांचे छाप आहेत. माणसाचा चेहरा आणि शेजारी त्याच्याशी मिळताजुळता प्राण्याचा. तंजावरच्या मराठी राजानं हे कशाला आणवलं असेल? तर दुसरे सरफोजी (राज्यकाळ 1798 ते 1832) होतेच तसे. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ते शिकले. युरोपातून हजारो पुस्तकं मागवली, कित्येकांवर त्यांची स्वतःची सही आहे. काशीयात्रेला गेले तेव्हाही पोथ्या गोळा करत आले. नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रं काढवून उपचारांच्या नोंदी ठेवल्या, त्याही या ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत. छापखाना काढला आणि 1806 मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. मराठी छापील पुस्तकाचा इतिहास आपण मुंबई-पुण्यापासून सांगायला लागतो, ही सवय मला तरी आता मोडायला हवी.

संग्रहात संस्कृत, तमिळ, तेलुगू आहेच, पण मराठी हस्तलिखितं तीन हजारांच्या घरात आहेत, शिवाय मोडी कागदांची बाडंच्या बाडं. तंजावरच्या मराठा राजांचा कारभार त्यांत आहे. मोडी वाचणारी माणसं आता फार कमी उरलीत. तुमच्या घरात कुणी मोडी शिकत असेल तर त्याला इथे घेऊन याच.

फोटो काढू देत नाहीत, तेव्हा छोटी वही न्या. आणि बृहदीश्वराच्या देवळात जाल तेव्हा नैऋत्येच्या भिंतीपाशी थांबा. 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास तिथे मराठीत कोरला आहे. बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी आहे, सावकाश लागते. मी बोट फिरवत चार ओळी वाचल्या तोवर एक तमिळ आजी शेजारी येऊन माझं वाचणं ऐकत उभी राहिली.

निघताना विक्रीच्या काउंटरवर विचारलं, तर ग्रंथालयानं छापलेली जुनी तंजावरी मराठी नाटकं मिळाली. दोन प्रती घेतल्या. एक घरी आहे. दुसरी आमच्या वाचनालयात गेल्या सोमवारी नोंदवली, नाटक विभागात, कपाटाच्या वरच्या खणात, पुरचुंडीसकट.