वालपाराइसोचे असेन्सोर: चिल्लरमध्ये अख्खं शहर

चिलीत सान्तियागोला गेलात तर एक दिवस काढून वालपाराइसो कराच, आणि तिथे पैसे टाकून टूर वगैरे घेण्याआधी तिथले असेन्सोर, म्हणजे टेकडीवर चढवणाऱ्या केबलच्या लिफ्ट, बघा, हा रिव्ह्यू त्यांचाच आहे.

सान्तियागोच्या पाहारितोस मेट्रो स्टेशनला लागूनच बस टर्मिनल आहे, तिथून सारख्या बसेस सुटतात, अंतर साधारण १२० किमी, आम्हाला पावणेदोन तास लागले. उतरलो तेव्हा सगळं करडं, ढग पार खाली आलेले, नवऱ्याचा चेहरा पडला की एवढं लांब येऊन समुद्रच दिसत नाहीये. तर घाबरू नका, इथला समुद्र थंड आहे त्यामुळे सकाळी असं मळभ असतंच, बारा-साडेबारापर्यंत लख्ख ऊन पडलं. स्वेटर मात्र न्याच, उन्हाळ्यातही.

शहराची रचना आधी समजून घ्या म्हणजे पाय वाचतील. खाली बंदराला लागून सपाट पट्टी, तिला लोक एल प्लान म्हणतात, आणि मागे एकदम उभ्या टेकड्या, त्या सेर्रो, चाळीसच्या वर आहेत म्हणे. खाली बाजार, बँका, ऑफिसं, आणि राहणार वर, मग रोज चढायचं कसं? म्हणून १८८३ मध्ये पहिला असेन्सोर झाला, कॉन्सेप्सिओन. एका केबलला दोन डबे, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, एकमेकांचं वजन पेलत, त्यामुळे मोटरवर लोड कमी. लाकडी डबा, आत पाच-सहा जणांत गच्च वाटतं, सुरू होताना एक हिसका बसतो, मी नवऱ्याचा दंड पकडला तर शेजारच्या आजी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन मस्त हसल्या. मिनिटभरात वर. भाडं इतकं कमी की नोट काढायची लाज वाटते, शंभर पेसोची नाणी आधीच सुटी करून ठेवा, मोठी नोट दिली की फाटकावरच्या बाई अशा बघतात की बास.

आम्ही कॉन्सेप्सिओनने वर गेलो, पासेओ खेर्वासोनी या वरच्या फिरण्याच्या रस्त्यावरून बंदर बघितलं, मग त्या रंगीत पत्र्याच्या घरांच्या गल्ल्या, भिंतींवर चित्रं, जिने पण रंगवलेले, एक तर अख्खा पियानोच्या पट्ट्यांसारखा. सेर्रो आलेग्रे शेजारीच आहे, चालत जाता येतं, आणि तिथून एल पेराल असेन्सोरने थेट सोतोमायोर चौकाजवळ उतरता येतं. म्हणजे एकाने चढा, दुसऱ्याने उतरा, मधे फक्त भटकायचं. गल्ल्यांतून फोन हातात घेऊन फिरत होते तर एका बाईंनी थांबवून माझ्या फोनकडे बोट करून "कुइदादो" म्हणजे सांभाळ असं सांगितलं, तेव्हापासून तो पर्समध्येच.

जेवण वरच केलं आणि तिथेच माती खाल्ली. हॉटेलचं नाव देत नाही, व्ह्यू छान होता म्हणून बसलो, पण चोर्रियाना मागवल्यावर पाऊण तास काही नाही. चोर्रियाना म्हणजे फ्राईजचा डोंगर, त्यावर परतलेला कांदा, बीफ, अंडी. इथली खासियत. आम्ही बीफ खात नाही म्हणून विदाउट मीट सांगितलं होतं, आलं ते बीफसकट, परत पाठवलं, मग कांदा-अंडं घालून आणलं ते खरंच चविष्ट होतं हे मान्य. एक प्लेट दोघांना जास्तच होते. बिलावर १० टक्के टिप घालू का असं विचारतात, ती सक्तीची नसते, नको वाटलं तर नाही म्हणा. आम्ही दिली, भिडेखातर.

दुपारी कवी पाब्लो नेरुदांचं घर, ला सेबास्तियाना. ते वरच्या रस्त्याजवळ आहे, तिथे असेन्सोर पोचत नाही, प्लानवरून 'O' अक्षराची, म्हणजे ६१२ नंबरची मिनीबस पकडा, ती टेकड्यांच्या कमरेवरून वळणं घेत जाते आणि दर वळणावर समुद्र दिसतो, हीच खरी साइटसीइंग, ड्रायव्हर मात्र रेसमध्ये असल्यासारखा चालवतो. घर सेबास्तियान नावाच्या माणसाने बांधायला घेतलं होतं, तो पूर्ण व्हायच्या आधीच गेला, नेरुदांनी १९६१ मध्ये ते राहतं केलं. अरुंद, मजल्यावर मजले, दिवाणखान्यात लाकडी घोडा. ऑडिओ गाइड मिळतो, आत फोटो काढू देत नाहीत, सोमवारी बंद. नवरा खिडकीपाशी वीस मिनिटं उभा, म्हणाला "अगं, इथे कोण कविता करणार नाही?" त्याने आयुष्यात चार ओळी केल्या नाहीयेत.

संध्याकाळी मुएये प्रात या बंदराच्या धक्क्यावर बोटवाले बोलवतात, पण बोट भरेपर्यंत थांबवलं, त्यात अर्धा तास गेला. सी लायन दिसले, छान लोळत पडलेले, तेवढ्यापुरतं ठीक.

एक तक्रार असेन्सोरचीच. एकेकाळी पंचवीसच्या वर होते, आता चालू थोडेच, आणि चालू कुठले हे खालून कळत नाही. आम्ही एकापाशी गेलो तर कुलूप, मग "अरे जिना आहे ना" असं मीच म्हणाले, चूक झाली. स्थानिकांना विचारूनच निघा. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो त्या जिन्यासाठी, १६० पायऱ्यांनंतर मी मोजायचं सोडलं.