सुकन्या समृद्धी खातं: जरूर उघडा, पण सगळे पैसे त्यातच कोंबू नका

बडोद्याच्या मराठी घरांत मुलगी झाली की बारशाच्या आसपास दोन कामं हमखास निघतात, जन्मदाखला आणि सुकन्या खातं. दोन्ही वेळेवर करावीत. पण सुकन्या म्हणजे मुलीच्या नावाचं सरकारी बचत खातं, आणि त्यात टाकलेला रुपया मुलगी दहावी पास होईपर्यंत किंवा 18 वर्षांची होईपर्यंत हाताला लागत नाही, हे पहिल्या स्लिपवर सही करण्याआधी नीट समजून घ्या. त्या आधीची सगळी वर्षं, म्हणजे पोहणं, तबला, सहली, आजोळ, यांचा खर्च दुसऱ्या कुठून तरी निघायला हवा.

मुलगी 10 वर्षांची होण्याआधी खातं उघडावं लागतं. वर्षाला किमान 250 आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. भरणा 15 वर्षं, मुदत 21 वर्षं, आणि ही 21 वर्षं खातं उघडल्यापासून मोजतात, मुलीच्या वयापासून नाही. योजना 2015 साली सुरू झाली. व्याजदर दर तिमाहीला सरकार जाहीर करतं. 2024 च्या जानेवारीपासून तो 8.2 टक्के झाला आणि 2025 मध्येही तेवढाच राहिला. व्याज आणि मुदतीनंतरची रक्कम दोन्ही करमुक्त. सरकारी हमी असलेल्या योजनांत मुलीसाठी याहून चांगला दर शोधून सापडणार नाही, त्यामुळे खात्याच्या मूळ गुणाबद्दल आमच्या मनात शंका नाही.

गफलत होते ती हिशेबात. जाहिरातीत 21 व्या वर्षाचा आकडा असतो, कॉलेजची फी मात्र 18 व्या वर्षी येते. तेव्हा मिळते ती आधीच्या 31 मार्चच्या शिल्लकीच्या निम्म्यापर्यंतची रक्कम, आणि तीही प्रवेशपत्रावर किंवा फीच्या पावतीवर जेवढा आकडा असेल तेवढीच. हे पैसे एकरकमी किंवा वर्षातून एकदा याप्रमाणे पाच वर्षांपर्यंत काढता येतात. कोचिंग क्लास, लॅपटॉप, खोलीचं भाडं यांसाठी या खात्यावर विसंबू नका.

मुलगी 5 वर्षांची असताना खातं उघडलं, दर महिन्याला 5,000 भरले आणि दर 8.2 टक्केच राहिला असं धरू. खात्याला 13 वर्षं होतील तेव्हा शिल्लक सुमारे 13.6 लाख असेल, त्यातले 6.8 लाख फीसाठी काढता येतील. दरमहा 3,000 भरले तर काढता येणारी रक्कम सुमारे 4.1 लाख. आता हेच 3,000 जन्मापासून भरले असते तर? 15 वर्षांचा भरणा संपून आणखी तीन वर्षांचं व्याज चढल्यावर 18 व्या वर्षी निम्मी रक्कमच सुमारे 6.5 लाख होते. लवकर सुरू केलेले तीन हजार उशिरा सुरू केलेल्या पाच हजारांच्या जवळपास पोचतात. म्हणून ज्यांची मुलगी पाळण्यात आहे त्यांनी खातं आजच उघडावं आणि हप्ता बेताचा ठेवावा. जिची पहिली-दुसरी सुरू आहे तिच्या आईवडिलांनी उशीर भरून काढायला सगळी बचत यात ओतू नये. आमचं मत स्पष्ट आहे: महिन्याला मुलीच्या नावाने 5,000 बाजूला निघत असतील तर 3,000 सुकन्येत आणि 2,000 आत्ताच्या तिच्या वयासाठी.

त्या 2,000 मुळे प्रवेशाच्या वेळी 2.7 लाख कमी पडतात, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण ती फट भरता येते. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत 4 लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. आठव्या वर्षी पाण्यात उतरण्यासाठी असं कुठलं कर्ज घेऊन पुढे कधीतरी भरपाई करता येत नाही.

दीड लाखाची मर्यादा गाठण्याचा हट्ट बहुतेक घरांत 80सी कलमाखालच्या करवजावटीमुळे होता. नवी करप्रणाली घेतली असेल तर ती वजावट मिळतच नाही, त्यामुळे तेवढ्या कारणाने खातं भरत राहण्यात हशील नाही.

या खात्याची सगळ्यात उपयोगी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: हप्ता ठरलेला नसतो. कोकणातल्या कुलदैवताची मोठी सहल किंवा शाळेचा हिमालयातला कॅम्प ज्या वर्षी असेल, त्या वर्षी एप्रिलमध्ये 250 रुपये भरून खातं जिवंत ठेवा आणि बाकीचे सहलीला वापरा. तेवढेही भरले नाहीत तर खातं थकीत होतं आणि दर वर्षामागे 50 रुपये दंड बसतो. रेल्वेचं गणितही आधीच करा. 5 ते 12 वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं लागतं, आणि आरक्षण 60 दिवस आधी उघडतं.

दरवर्षी मात्र लांबच जायला हवं असं नाही. कमाटीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, ममी आहे. सहा वर्षांचं मूल त्या सांगाड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत जातं, मग परत येऊन पुन्हा मोजतं. चांपानेर-पावागढ 2004 पासून जागतिक वारसा आहे. बालासिनोरजवळच्या रैयोलीला डायनासोरचे जीवाश्म जागच्या जागी बघायला मिळतात. यांतलं बरंचसं एका दिवसात आणि थोडक्या पैशांत होतं.

या खर्चासाठी पोस्टाचं आवर्ती खातं (आरडी) घेऊ नका. त्याची मुदत 5 वर्षं, आणि तीन वर्षांच्या आत ते बंद करता येत नाही. बँकेचं 12 महिन्यांचं आवर्ती खातं मे महिन्यात सुरू करा, पुढच्या उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर पैसे हातात येतील.

सुकन्येतला भरणा महिन्याच्या 5 तारखेच्या आत गेला पाहिजे. 5 तारखेच्या अखेरीपासून महिनाअखेरीपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकीवर व्याज लागतं, त्यामुळे 6 तारखेचा हप्ता त्या महिन्यापुरता फुकट जातो. पगार बँकेत होत असेल तर खातं त्याच बँकेत उघडून 1 तारखेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देणं सोयीचं. बँक ऑफ बडोदातही हे खातं निघतं. वर्षाची रक्कम एकदम जमत असेल तर ती एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत भरा. महिन्याला 2,000 ऐवजी एप्रिलमध्येच 24,000 भरले तर मुदतीअखेर सुमारे 40,000 जास्त मिळतात.

कागदांत इथल्या मराठी घरांची अडचण ठरलेली. दाखला गुजरातीत, आधार इंग्रजीत, आणि ज्ञानदासारख्या नावाचं स्पेलिंग गुजराती पद्धतीने 'जीएन'ने सुरू झालेलं, तर आईवडील शाळेत 'डीएनवाय' लिहितात. गायकवाडांचंही तसंच. खातं उघडण्याआधी दाखला आणि आधार एकसारखे करून घ्या, नाहीतर 18 व्या वर्षी प्रवेशाच्या धावपळीत पैसे अडकतात. दाखल्यावर बाळाचं नाव कोरंच राहिलं असेल तर ते आधी भरून घ्या. वर्षाच्या आत फी लागत नाही, नंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत नाव चढवता येतं.

आजी-आजोबांनी कौतुकाने उघडलेली खाती बरीच आहेत. ते कायदेशीर पालक नसतील तर अशा खात्याचं पालकत्व आईवडिलांकडे करून घ्यावं लागतं, अर्थमंत्रालयाचा 2024 चा तसा नियम आहे. पासबुक, मुलीचा दाखला आणि दोघांचे ओळखीचे कागद घेऊन जिथे खातं आहे तिथेच हे होतं. एका कुटुंबाला दोन मुलींसाठी दोनच खाती. जुळ्या-तिळ्यांना सवलत आहे.

मुलगा असेल तर हा मार्ग नाही. त्याच्यासाठी पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी: दर 7.1 टक्के, मुदत 15 वर्षं, आणि दीड लाखाची मर्यादा पालकाचं स्वतःचं खातं धरून. तो तीन वर्षांचा होण्याआधी उघडलं तर 18 व्या वर्षाच्या सुमाराला पूर्ण रक्कम मोकळी होते, आणि फीच्या पावतीची अटही नसते.